कंसातील कारण : संगणकाच्या लायब्ररी आणि त्यांच्या जोडणीचा इतिहास



ज्या सरांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांला भूमिती शिकवीत. पक्ष, साध्य, रचना आणि सिद्धता असे भाग पाडून आम्ही प्रमेय लिहीत असू, आणि सिद्धतेच्या प्रत्येक पायरीपुढे कंसात तिचे कारण लिहावे लागे. ‘हे दोन कोन एकरूप आहेत’ एवढ्याने सरांचे समाधान होत नसे. ‘कशावरून?’ हा त्यांचा ठरलेला प्रश्न. कंसात ‘व्युत्क्रम कोन’ किंवा ‘मागील प्रमेय’ असे लिहिले नसेल, तर उत्तर बरोबर असूनही अर्धा गुण जाई. त्या वयात आम्हांला हा हट्ट वाटे. पुढे संगणकाच्या क्षेत्रात आयुष्य गेले, तेव्हा कळले की सर आम्हांला केवळ भूमिती शिकवीत नव्हते. आपण कोणाच्या आधारावर उभे आहोत हे नाव घेऊन सांगण्याची सवय ते लावीत होते.

आज मी ज्या विषयाचा इतिहास आपल्यापुढे मांडणार आहे, तो प्रथमदर्शनी अगदीच रुक्ष वाटेल. संगणकाची आज्ञावली तयार करताना दुसऱ्यांनी लिहिलेल्या आज्ञावलींचे संच, म्हणजे ‘लायब्ररी’, आपल्या आज्ञावलीला कसे जोडायचे आणि त्यासाठी कम्पायलरला व लिंकरला कोणते निर्देश द्यायचे, असा हा विषय आहे. या निर्देशांना ‘फ्लॅग’ म्हणतात. युनिक्स पद्धतीच्या संगणकावर एखादा विद्यार्थी अशी ओळ टंकित करतो : ‘सीसी कक्षा.सी -एलएम’. यातील ‘सीसी’ हा कम्पायलर होय. माणसाला वाचता येणारी संहिता तो यंत्राच्या भाषेत उतरवतो. ‘कक्षा.सी’ ही विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेली संहिता. शेवटचा ‘-एलएम’ हा फ्लॅग आहे. ‘मी ज्या, कोज्या आणि वर्गमूळ काढणारी फलने वापरली आहेत, ती माझी नाहीत, ती गणिताच्या लायब्ररीतून घ्यावीत,’ एवढा अर्थ त्या तीन अक्षरांत आहे. फ्लॅग म्हणजे आज्ञावलीच्या सिद्धतेतील कंसातील कारण. ते कारण प्रथम कोणी लिहिले, पुढे कोणी यंत्राकडे सोपवले, आणि सोपवल्यावर ते वाचायचे कोणी, या तीन प्रश्नांभोवती आजचे विवेचन आहे.

१. केंब्रिजचे पोलादी कपाट

आरंभ केंब्रिज विद्यापीठाच्या गणितीय प्रयोगशाळेत करावा लागतो. मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली बांधलेल्या ‘एडसॅक’ या संगणकाने ६ मे १९४९ रोजी आपली पहिली आज्ञावली चालवून वर्गसंख्यांचे कोष्टक छापले. पाऱ्याने भरलेल्या नळ्या हीच त्याची स्मृती होती आणि आज्ञा कागदाच्या फितीवर छिद्रे पाडून दिल्या जात. यंत्र चालू झाले आणि काही आठवड्यांतच एक अनपेक्षित गोष्ट ध्यानात आली. अचूक आज्ञावली लिहिणे हे यंत्र बांधण्याइतकेच कठीण होते. एका अवकल समीकरणासाठी विल्क्स यांनी लिहिलेल्या १२६ ओळींच्या फितीत सुमारे वीस चुका होत्या. आपल्या उर्वरित आयुष्याचा मोठा भाग स्वतःच्याच चुका शोधण्यात जाणार, ही जाणीव आपल्याला तेव्हा झाली, असे त्यांनी पुढे आत्मवृत्तात नमूद केले.

यावर उपाय एकच होता. जे एकदा बरोबर लिहिले गेले आहे, ते पुन्हा लिहावयाचे नाही. वर्गमूळ काढणे, भागाकार करणे, उत्तर छापणे ही कामे प्रत्येक गणितात येतात. त्यांच्या तपासलेल्या फिती तयार करून एका पोलादी कपाटात ठेवण्यात आल्या. वर्गवारी अक्षरांनी केली होती : ‘डी’ म्हणजे भागाकार, ‘एल’ म्हणजे लघुगणक, ‘पी’ म्हणजे छपाई, ‘टी’ म्हणजे त्रिकोणमिती. १९५१ पर्यंत अशा ८७ ‘सबरूटीन’ जमल्या होत्या. ज्याला गणित करावयाचे असेल, त्याने कपाटातून हवी ती फीत काढावी, यंत्रावर तिची नक्कल आपल्या फितीत उतरवून घ्यावी आणि मूळ फीत परत जागेवर ठेवावी. या संग्रहाला त्यांनी ‘लायब्ररी’ म्हटले.

परंतु नक्कल उतरवून घेतल्याने काम संपत नव्हते. वर्गमूळाची फीत एका गणितात स्मृतीच्या शंभराव्या घरापासून बसेल, दुसऱ्या गणितात तीनशेव्या घरापासून. तिच्यातील ‘अमुक घरातील संख्या घे’ ही आज्ञा प्रत्येक वेळी बदलावी लागेल. डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकाने ही अडचण सोडवली. सप्टेंबर १९४९ पासून वापरात आलेल्या त्यांच्या अवघ्या ४१ प्रारंभिक आज्ञा फीत वाचता वाचताच पत्ते दुरुस्त करीत. सबरूटीन जेथे बसेल, तेथील आरंभाचा क्रमांक ते आपोआप मिळवीत. सबरूटीनचे काम संपल्यावर नेमके मूळ जागी परत कसे यावयाचे, याचीही युक्ती व्हीलर यांचीच. आज लिंकर नावाची आज्ञावली जे करते, त्याचे बीज या ४१ आज्ञांत आहे.

विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी १९५१ मध्ये या अनुभवावर पुस्तक लिहिले. आज्ञावली-लेखनावरील पहिले पुस्तक म्हणून ते ओळखले जाते. व्हीलर यांनी १९५२ च्या एका निबंधात आणखी एक गोष्ट मांडली. सबरूटीन लिहून, तपासून झाली तरी एक मोठे काम उरतेच : तिच्या अंतरंगाची माहिती नसलेल्या माणसाला ती सहज वापरता यावी, असे तिचे वर्णन लिहिणे. बडोद्याच्या श्रोत्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला येथे पाचारण केले, ते ग्रंथ विकत घेण्यासाठी नव्हे. ग्रंथांची व्यवस्था लावण्यासाठी. ग्रंथ असणे आणि हवा तो ग्रंथ हाती लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या विषयाचा सारा इतिहास या दोहोंमधील अंतराचा इतिहास आहे.

२. ‘कम्पाइल’ या शब्दाचा मूळ अर्थ

अमेरिकेत याच सुमारास ग्रेस हॉपर ‘युनिव्हॅक’ या संगणकावर काम करीत होत्या. त्यांच्या सहकाऱ्यांजवळ उपयुक्त सबरूटीन वह्यांत उतरवलेल्या असत आणि गरज पडेल तेव्हा एकमेकांच्या वहीतून त्या नकलून घेत. हॉपर यांच्या लक्षात आले की या पद्धतीत माणसे दोनच ठिकाणी चुकतात, पण नेहमी चुकतात : नक्कल करताना आणि पत्त्यांची बेरीज करताना. जवळच असे यंत्र उभे होते, की ज्याचे काम नक्कल करणे आणि बेरीज करणे हेच होते. मग हे काम त्यालाच का देऊ नये?

त्यातून १९५१-५२ मध्ये ‘ए-झिरो’ ही आज्ञावली जन्मली. प्रत्येक सबरूटीनला एक क्रमांक दिला होता. माणसाने केवळ क्रमांकांची यादी द्यावयाची; यंत्र चुंबकीय फितीवरून त्या सबरूटीन शोधून, पत्ते जुळवून, एकत्र बांधून देई. इंग्रजीत ‘कम्पाइल’ म्हणजे निरनिराळ्या ठिकाणचे साहित्य गोळा करून एकत्र करणे. म्हणून या आज्ञावलीला कम्पायलर हे नाव मिळाले. पुढे या शब्दाचा अर्थ सरकला आणि भाषांतर करणाऱ्या आज्ञावलीला तो लागू झाला. मूळचा कम्पायलर मात्र आजच्या परिभाषेत बऱ्याच अंशी लिंकरच होता. आधी संग्रह आणि जोडणी आली, भाषांतर नंतर आले, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

१९५७ मध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने आयबीएम कंपनीत ‘फोर्ट्रान’ ही भाषा सिद्ध केली. १९५८ च्या दुसऱ्या आवृत्तीत आज्ञावलीचे भाग स्वतंत्रपणे भाषांतरित करून नंतर जोडण्याची सोय आली. तिचे महत्त्व मोठे होते. एका ओळीत बदल झाला म्हणून हजार ओळी पुन्हा भाषांतरित कराव्या लागेनात. त्याबरोबरच जोडणी हा एक स्वतंत्र टप्पा ठरला, आणि कोणकोणते तुकडे एकत्र यावयाचे हे कोठेतरी लिहून सांगणे अपरिहार्य झाले.

३. बेल प्रयोगशाळेतील एक ओळ

ते लिहिण्याची जी पद्धत आजही आपण वापरतो, ती न्यू जर्सीमधील बेल प्रयोगशाळेत घडली. तेथे १९६९ मध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला. नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या माहितीपुस्तिकेतच लायब्ररीचे गाठोडे बांधणारी ‘एआर’ आणि तुकडे जोडणारी ‘एलडी’ या दोन आज्ञावली आढळतात. त्या घराण्यात रूढ झालेले प्रमुख फ्लॅग तीन. मोठ्या ‘आय’ने सुरू होणारा फ्लॅग कम्पायलरला सांगतो, की लायब्ररीतील फलनांची घोषणापत्रे, म्हणजे ‘हेडर’, कोणत्या फोल्डरमध्ये पाहावीत. मोठ्या ‘एल’ने सुरू होणारा लिंकरला सांगतो, की लायब्ररी कोणत्या फोल्डरमध्ये शोधावी. लहान ‘एल’ने सुरू होणारा सांगतो, की लायब्ररीचे नाव काय. कपाट कोणते, कप्पा कोणता आणि पुस्तक कोणते, एवढाच हा मामला आहे.

नवशिक्याचा गोंधळ होतो तो येथे दोन वेगळे सेवक कामाला असतात म्हणून. कम्पायलर केवळ घोषणापत्र पाहतो : ‘वर्गमूळ नावाचे फलन आहे, त्याला एक संख्या द्यावी, एक संख्या मिळेल.’ तेवढ्यावर विश्वास ठेवून तो पुढे जातो. प्रत्यक्ष फलन कोठे आहे हे शोधणे लिंकरचे काम. त्यामुळे भाषांतर बिनतक्रार पार पडते आणि जोडणीच्या वेळी ‘अमुक नाव सापडले नाही’ असा निरोप येतो. संहितेत चूक नसते. कंसातील कारण लिहावयाचे राहिलेले असते.

यात एक सूक्ष्म नियम आहे. त्याने कितीतरी जणांच्या रात्री खाल्ल्या आहेत. जुन्या पद्धतीचा लिंकर हातात यादी घेऊन बाजारपेठेतून एकदाच जाणाऱ्या माणसासारखा असतो. लायब्ररीच्या दुकानाशी तो आला की त्या क्षणी यादीत जी नावे अपुरी असतील, तेवढाच माल घेतो आणि पुढे निघतो. नंतर यादीत नवे नाव वाढले तरी तो मागे वळत नाही. म्हणून ज्याला गरज आहे ते आधी आणि गरज भागवणारे नंतर, असाच क्रम लिहावा लागतो. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी मी एका कचेरीत नवाच नोकरीस लागलो होतो, तेव्हा या नियमाच्या अज्ञानापायी माझे दोन दिवस गेले. सर्व लायब्ररी जागेवर होत्या, सर्व नावे बरोबर होती, आणि तरीही जोडणी होईना. शेवटी एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी काही न बोलता ओळीतील एक शब्द उचलून शेवटी नेला, आणि जोडणी झाली. मला सरांची आठवण झाली. सिद्धतेतही मागचे पुढे करून चालत नसे.

हीच प्रयोगशाळा १९७६ मध्ये आणखी एका साधनाची जन्मभूमी ठरली. स्टीव्ह जॉन्सन यांनी एका सकाळी आपल्या आज्ञावलीतील चूक शोधण्यात कित्येक तास घालवले. वस्तुतः चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती. दुरुस्त संहिता पुन्हा भाषांतरित करावयाची तेवढी राहून गेली होती. त्यांचा त्रागा ऐकून सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ ही आज्ञावली लिहिली. कोणती फाइल कोणत्या फाइलवर अवलंबून आहे आणि ती कोणत्या आज्ञेने, कोणत्या फ्लॅगांनी तयार होते, हे एका ‘मेकफाइल’मध्ये लिहून ठेवावे, जे जुने झाले असेल तेवढेच यंत्र नव्याने करील. आजवर माणसाच्या डोक्यात असलेले अवलंबन प्रथमच कागदावर आले, आणि यंत्राला वाचता आले. या कार्यासाठी फेल्डमन यांना २००३ चा एसीएम संस्थेचा पुरस्कार मिळाला.

४. वीस फ्लॅगांचे ओझे

१९८० च्या दशकात युनिक्सचा विस्तार झाला आणि त्याचबरोबर त्याच्या अनेक बोली झाल्या. बर्कली विद्यापीठाची एक, एटी अँड टीची दुसरी, सन, एचपी, आयबीएम या कंपन्यांच्या आणखी निराळ्या. एखादे फलन एका यंत्रावर मूळ लायब्ररीत असे, दुसऱ्यावर त्यासाठी वेगळा फ्लॅग लागे, तिसऱ्यावर ते नसेच. जो मनुष्य आपली आज्ञावली जगाला मोफत देऊ इच्छी, त्याला या सर्व बोलींचा अभ्यास करावा लागे.

१९९१ च्या जूनमध्ये डेव्हिड मॅकेन्झी हे ग्नू प्रकल्पातील अनेक आज्ञावलींची देखभाल करीत होते. त्या वापरणाऱ्याला मेकफाइल उघडून, आपल्या यंत्राला अनुरूप असे सुमारे वीस फ्लॅग स्वतः निवडावे लागत. हे ओझे हलके करण्यासाठी त्यांनी एक संहिता लिहिली. तीच पुढे ‘ऑटोकॉन्फ’ म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्यामागची कल्पना फार उपयोगी ठरली. ‘तू कोणत्या कंपनीचे यंत्र आहेस?’ असे न विचारता ती यंत्राला विचारते, ‘तुला हे करता येते का?’ त्यासाठी ती दोनचार ओळींची एक परीक्षा-आज्ञावली लिहिते, ती भाषांतरित करून जोडून पाहते, आणि जोडणी यशस्वी झाली तर योग्य तो फ्लॅग यादीत घालते. नाव-गाव न पुसता गुण पाहण्याची ही रीत होती, आणि तिच्यामुळे अनोळखी यंत्रावरही आज्ञावली उभी राहू लागली.

तरीही एक प्रश्न उरला होता. एक लायब्ररी स्वतःच दुसऱ्या पाच लायब्ररींवर अवलंबून असेल, तर त्या पाचांची नावे वापरणाऱ्याने कोठून आणावीत? याचे उत्तर २००० च्या सुमारास ‘पीकेजी-कॉन्फिग’ने दिले. प्रत्येक लायब्ररीने आपल्याबरोबर एक छोटी चिठ्ठी ठेवावी : माझी आवृत्ती ही, माझे हेडर येथे आहेत, माझ्यासाठी हे फ्लॅग लागतात, आणि मला स्वतःला अमुक-अमुक लायब्ररी लागतात. वापरणाऱ्याने केवळ नाव विचारावे. साधन सर्व चिठ्ठ्या वाचून पूर्ण ओळ तयार करून देते. व्हीलर यांनी १९५२ मध्ये ज्या वर्णनाची गरज सांगितली होती, ते वर्णन आता यंत्राला वाचता येईल अशा रूपात लायब्ररीच्या शेजारी येऊन बसले.

सोय मोठी झाली. मात्र एक फरक पडला. वीस फ्लॅग हाताने निवडणाऱ्याला आपण कोणाकोणाच्या आधारावर उभे आहोत हे ठाऊक असे. एका शब्दात पूर्ण ओळ मिळवणाऱ्याला ते ठाऊक असण्याची गरज राहिली नाही.

५. नक्कल घ्यावी की दाखला द्यावा?

केंब्रिजच्या कपाटापासून बराच काळ जोडणीचा अर्थ नक्कल असा होता. लायब्ररीतील हवा तो भाग उचलून आपल्या आज्ञावलीत कायमचा मिसळावयाचा. याला ‘स्टॅटिक’ जोडणी म्हणतात. चित्रमय खिडक्यांच्या प्रणाली आल्या आणि लायब्ररी अवाढव्य झाल्या, तेव्हा प्रत्येक आज्ञावलीने स्वतंत्र प्रत बाळगणे परवडेना. मल्टिक्स या प्रणालीने १९६० च्या दशकातच दाखवलेला मार्ग पुन्हा चोखाळण्यात आला. १९८८ च्या सनओएस ४.० पासून युनिक्सच्या जगात ‘सामाईक’ लायब्ररी रुळू लागल्या. आज्ञावलीत नक्कल नसते, केवळ दाखला असतो. प्रत्यक्ष प्रत एकच, आणि ती आज्ञावली सुरू होताना शोधली जाते. म्हणजे शोध आता तीन वेळा होतो : भाषांतराच्या वेळी, जोडणीच्या वेळी आणि चालवण्याच्या वेळी. पहिले दोन शोध यशस्वी होऊनही तिसरा फसू शकतो, हे आजच्या प्रत्येक विद्यार्थ्याने अनुभवले आहे.

सामाईक वस्तूचे भांडण आवृत्तीवरून होते. युनिक्स घराण्यात लायब्ररीच्या नावालाच क्रमांक जोडण्याची प्रथा पडली. जुन्याशी न जुळणारा बदल झाला की क्रमांक बदलावयाचा. १९९० च्या दशकात विंडोज प्रणालीत अनेक लायब्ररी एकाच सामाईक फोल्डरमध्ये, बहुधा एकाच नावाने राहत. नवी आज्ञावली बसवताना ती आपली आवृत्ती जुनीवर लिही, आणि काल चालणारी दुसरीच आज्ञावली आज बंद पडे. या अवस्थेला संगणकतज्ज्ञांनी ‘डीएलएलचा नरक’ असे नाव दिले होते.

मग नक्कल बरी की दाखला? मार्च २००२ मध्ये ‘झेडलिब’ या माहिती संक्षिप्त करणाऱ्या लायब्ररीत एक धोकादायक चूक प्रकट झाली. जेथे ही लायब्ररी सामाईक होती, तेथे एक फाइल बदलून काम भागले. परंतु असंख्य आज्ञावलींनी तिची नक्कल आपल्या पोटात घेतली होती. त्या शोधून, एकेक करून, नव्याने जोडाव्या लागल्या. शोधणे हेच कठीण होते, कारण नक्कल एकदा मिसळली की वरून तिचा माग लागत नाही. एप्रिल २०१४ मध्ये ‘ओपनएसएसएल’ या सांकेतिक लिपीच्या लायब्ररीत ‘हार्टब्लीड’ ही चूक उघड झाली. लक्षावधी संकेतस्थळांचे रहस्य तीमुळे उघडे पडू शकत होते. या वेळी सामाईक प्रतीमुळे दुरुस्ती जलद पसरली. पण एकाच लायब्ररीवर जगाचा किती भार आहे आणि तो किती थोड्या खांद्यांवर आहे, हेही त्याच वेळी कळले. नक्कल घेणारा आपले ऋण लपवतो, दाखला देणारा ते उघड करतो; परंतु दाखला देणाऱ्याला दुसऱ्याच्या बऱ्यावाइटात वाटेकरी व्हावे लागते.

डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या लायब्ररीतील दोष उघडकीस आला, तेव्हा असंख्य संस्थांना पहिला प्रश्न पडला तो दुरुस्तीचा नव्हता. ‘ही लायब्ररी आपण वापरतो का?’ हा होता. त्याच वर्षी १२ मे रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी काढलेल्या आदेशात सॉफ्टवेअरसोबत त्याची घटकसूची देण्याचा विषय आला होता. कंसातील कारणाची मागणी अशी शासकीय आदेशापर्यंत पोहोचली.

६. २९ मार्च २०२४

या इतिहासाचे शेवटचे प्रकरण अगदी अलीकडचे आहे. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या माहितीसंग्रहाच्या प्रणालीवर काम करणारे तंत्रज्ञ. एका चाचणीच्या वेळी त्यांना दिसले की दूरच्या यंत्रावर सुरक्षित प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. अर्ध्या सेकंदाकडे दुसऱ्या कोणी दुर्लक्ष केले असते. त्यांनी कारण शोधले, आणि २९ मार्च २०२४ रोजी जगाला कळवले की ‘एक्सझेड’ या संक्षेपणाच्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्तींत चोरदरवाजा बसवला आहे.

तो बसवण्याची रीत आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. दुष्ट भाग वाचण्याजोग्या संहितेत नव्हताच. तो चाचणीसाठी ठेवलेल्या फाइलींत दडवला होता, आणि तो बाहेर काढून लायब्ररीत जोडणारी ओळ प्रकाशित गाठोड्यातील जुळणीच्या संहितेत होती. ऑटोकॉन्फ परंपरेतील हा भाग इतका लांब आणि क्लिष्ट झालेला असतो, की तो कोणी वाचत नाही. दुसऱ्या एका ठिकाणी परीक्षा-आज्ञावलीत एक टिंब टाकले होते. त्या टिंबामुळे परीक्षा भाषांतरित होईना. साधनाने प्रामाणिकपणे निष्कर्ष काढला की ही सुरक्षेची सोय या यंत्रावर नाही, आणि ती वगळली. मॅकेन्झी यांनी यंत्राला प्रश्न विचारण्याची जी पद्धत घातली होती, तिच्यातील प्रश्नच बिघडवला गेला.

आणखी एक गोष्ट. सुरक्षित प्रवेश देणाऱ्या आज्ञावलीला एक्सझेड मुळात लागतच नव्हती. काही वितरकांनी त्या आज्ञावलीला सोयीसाठी दुसरी एक लायब्ररी जोडली होती, आणि त्या दुसरीला एक्सझेड लागे. ज्याचे नावही मूळ लेखकांच्या यादीत नव्हते, ते अशा रीतीने घरात आले. हे करणारी व्यक्ती टोपणनावाने वावरत होती. दोनहून अधिक वर्षे तिने प्रामाणिक साहाय्यकाचे रूप घेतले आणि थकलेल्या, एकट्याने भार वाहणाऱ्या देखभालकर्त्याचा विश्वास मिळवला. बाधित आवृत्ती बहुतांशी चाचणीच्या वितरणांपर्यंतच पोहोचल्या होत्या, म्हणून मोठा अनर्थ टळला.

७. समारोप

विद्यार्थी मित्रहो, या पंचाहत्तर वर्षांच्या वाटचालीकडे एकत्रित पाहिले तर काय दिसते? केंब्रिजच्या संशोधकाला आपण कोणती फीत घेतली हे हाताने कळत असे, कारण तो ती कपाटातून स्वतः काढी. हॉपर यांनी नक्कल यंत्राकडे सोपवली, फेल्डमन यांनी अवलंबन लिहून ठेवले, मॅकेन्झी यांनी निवड यंत्राकडे सोपवली, आणि पुढील साधनांनी शोधही त्याच्याकडे सोपवला. यांतील एकही पाऊल चुकीचे नव्हते. हाताने नक्कल करणारे चुकत होते, हाताने फ्लॅग निवडणारे थकत होते. ही पावले पडली नसती, तर आज येथे बसलेल्या कोणाच्याही खिशातील दूरध्वनी चालला नसता. परंतु कंसातील कारण लिहिण्याचे काम यंत्राला देता आले, तरी ते वाचण्याचे काम देता आलेले नाही. ते जेव्हा कोणीच वाचत नाही, तेव्हा तेथे काहीही लिहिले जाऊ शकते.

म्हणून आपल्यापैकी जे या व्यवसायात जाणार आहेत, त्यांना माझे सांगणे साधे आहे. आपली आज्ञावली तयार होताना पडद्यावरून जी लांबलचक ओळ सरकत जाते, ती निदान एकदा थांबवून वाचा. तीत किती नावे आहेत, ती कोणाची आहेत, ती का लागतात, हे स्वतःला विचारा. ज्याचे उत्तर मिळत नाही, ते नाव काढून पाहा. आणि ज्यांच्या श्रमावर आपले काम उभे आहे, त्यांतील एखादा कोठेतरी एकटाच ती लायब्ररी सांभाळत असेल, तर त्याला एक चांगले पत्र, एक दुरुस्ती, शक्य असल्यास पैशाची मदत पाठवा. ज्या देखभालकर्त्याला खरे साहाय्यक मिळतात, त्याच्या दारात खोटे साहाय्यक सहसा टिकत नाहीत.

जे या व्यवसायात जाणार नाहीत, त्यांच्यासाठीही हा इतिहास निरुपयोगी नाही. आपल्यातील कोणीही एकटा उभा नसतो. आपल्या बोलण्यात, हिशेबात, कौशल्यात ज्यांची फलने जोडलेली आहेत, त्यांपैकी काहींची नावे आपल्याला आठवतात आणि पुष्कळांची आठवत नाहीत. आज आपण ज्यांच्या स्मृतीसाठी जमलो आहोत, ते माझ्या सिद्धतेतील असेच एक कारण आहे. त्यांनी कापलेला तो अर्धा गुण मला आजही आठवतो. इतक्या वर्षांनी आज येथे उभे राहून मी तो कंस भरला, एवढेच.